२०१८ चे स्टोनर रॉक अल्बम: माझ्या यादीत 'द सायन्सेस' पहिला नाही, बोला आता

फझवेडा

वर्ष संपत आलं. दर डिसेंबरात मी वहीत एक यादी करतो, वर्षभरात स्टोनर रॉकचे (जड, घरघरत्या गिटारवाल्या रॉकचे) कुठले अल्बम पुन्हा पुन्हा लावले त्याची, आणि मग वही खणात जाते, कोणाला काही पडलेलं नसतं. यंदा इथं टाकतोय कारण एका गोष्टीवरून माझं माझ्याशीच भांडण चाललंय आणि ते सोडवायला तिसरं माणूस हवंय.

भांडण असं की स्लीप या बँडचा 'द सायन्सेस' यंदाचा नंबर एक धरायचा की नाही.

थोडं मागचं सांगतो, माहीत असेल त्यांनी पुढं सरका. स्लीपने १९९२ ला 'स्लीप्स होली माउंटन' काढला, मग लंडन रेकॉर्ड्सने त्यांना साइन केलं आणि या पठ्ठ्यांनी कंपनीच्या पैशावर तासाभराचं एकच गाणं बनवून हातात ठेवलं. कंपनीने हात वर केले, बँड फुटला, ते गाणं आधी १९९९ ला 'जेरुसलेम' नावाने आणि मग २००३ ला 'डोपस्मोकर' नावाने बाहेर आलं. त्यानंतर बँड परत उभा राहिला, लाइव्ह वाजवायला लागला, २०१४ ला 'द क्लॅरिटी' हे सुटं गाणं दिलं, पण अल्बम काही येईना. येईल येईल म्हणत लोकांचे केस पांढरे झाले. आणि यंदा १९ एप्रिलला ध्यानीमनी नसताना सांगितलं की उद्या येतोय, आणि २० एप्रिलला खरंच आला (तारीख तीच का, तर ४/२० म्हणजे गांजावाल्यांचा दिवस).

मी त्या दिवशी बाकी सगळं सोडून हेडफोन घालून बसलो. पहिलं गाणं म्हणजे तीन मिनिटं नुसता फीडबॅकचा घरघराट, मला वाटलं हेडफोनची पिन सैल झालीय, दोनदा काढून परत घातली. मग गांजाच्या पाइपातली ती पाण्याची बुडबुड ऐकू आली, पाठोपाठ 'मॅरिह्वानॉट्स थीम'चा रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) पडला आणि मी खुर्चीत मागं रेललो ते तास संपेपर्यंत तसाच. यात वाद नाही, अल्बम कहर आहे. 'गीझा बटलर' या नावावरच मी आठवडाभर हसत होतो, गिझाचे पिरॅमिड आणि ब्लॅक सबाथचा बेसिस्ट गीझर बटलर एका दावणीला.

पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. 'सॉनिक टायटन' नवं कुठंय? २००३ च्या 'डोपस्मोकर'च्या शेवटी त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग जोडलेलं होतं की. 'अंटार्क्टिकन्स थॉड' पण ते स्टेजवर वाजवत आलेत. म्हणजे अल्बममधली दोन सगळ्यात लांब गाणी, मिळून जवळजवळ सत्तावीस मिनिटं, त्रेपन्न मिनिटांच्या अल्बममध्ये, ही आपल्याला आधीच ठाऊक होती. मग हा २०१८ चा अल्बम की जुनं येणं वसूल झालं?

म्हणून माझ्या यादीत पहिला योबचा 'अवर रॉ हार्ट'. जूनमध्ये आला, रिलॅप्स लेबलवर, सात गाणी, त्र्याहत्तर मिनिटं. योबचा गायक-गिटारिस्ट माइक शाइट २०१७ च्या सुरुवातीला आतड्याच्या आजाराने मरता मरता वाचला, ऑपरेशन झालं, आणि बरा होत असताना त्याने ही गाणी लिहिली. हे माहीत नसतानाही मी अल्बम ऐकला होता एकदा, तेव्हाही काहीतरी वेगळं आहे एवढं कळलं होतंच. 'ब्यूटी इन फॉलिंग लीव्हज' सोळा मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला कितीतरी वेळ ते अंगावर येतच नाही, स्वच्छ गिटार, त्याच्या खाली बेस हळू हळू पावलं टाकत चाललाय, माणूस जवळ बसून बोलल्यासारखा गातोय, आणि मग जेव्हा सगळं एकदम कोसळतं तेव्हा आवाज मोठा झाला म्हणून दचकायला होत नाही, घशात आवंढा येतो. डूम (मंद, जड मेटल) ऐकताना आवंढा! माझ्या बाबतीत हे याआधी फक्त त्यांच्याच २०१४ च्या अल्बममधल्या 'मॅरो'ला झालेलं. याच अल्बममधलं 'द स्क्रीन' बरोब्बर उलटं, तोच तोच रिफ दगडावर दगड घासावा तसा, मान दुखेपर्यंत. एकाच बँडला दोन्ही जमतं.

बाकी यादी पटापट. दुसरा स्लीप, अर्थात. तिसरा अर्थलेसचा 'ब्लॅक हेवन', ज्यात त्यांचा गिटारिस्ट आयझाया मिचेल चक्क गातो, सहातल्या चार गाण्यांत, एवढी वर्षं हे लोक नुसती वीस वीस मिनिटांची सोलो वाजवायचे आणि आता गाणी करतायत. काही जणांना ते आवडलं नाही, मला आवडलं. चौथा हाय ऑन फायरचा 'इलेक्ट्रिक मसाया', जो स्टोनर आहे का यावर भांडू नका, स्लीपचाच गिटारिस्ट मॅट पाइक त्यात आहे म्हणजे आहे. एका माणसाने एप्रिलमध्ये स्लीप आणि ऑक्टोबरात हे, एकाच वर्षात, वर परवा ग्रॅमीचं नॉमिनेशन पण! मोटरहेडचा लेमी स्वप्नात आला म्हणून टायटल गाणं सुचलं म्हणे, आणि ऐकलं की पटतं, ड्रम तर काय, घोडा सुटलाय. मग विंडहँड, मग किंग बफेलोचा 'लाँगिंग टू बी द माउंटन', जो रात्री दिवे घालवून ऐकायचा अल्बम आहे.

तर सांगा. जुन्या गाण्यांचा अल्बम नंबर एक होऊ शकतो का? आणि तुमची यादी पण टाका.


कासवगती

हे म्हणजे काहीही चाललंय राव.

गाणं कधी लिहिलं त्यावर अल्बमचं वर्ष ठरवायचं झालं तर निम्मे अल्बम बाद होतील, कितीतरी बँड गाणी आधी दोन दोन वर्षं स्टेजवर घासून घेतात आणि मग स्टुडिओत जातात. आणि तू ज्या लाइव्ह 'सॉनिक टायटन'बद्दल बोलतोयस ते मी पण ऐकलंय, तू ते यंदाच्याच्या शेजारी ठेवून ऐकलंस का? त्या जुन्यात तरुण पोरं आहेत, गाणं कुठं न्यायचंय ते शोधतायत, आणि आवाज लांबच्या खोलीतून आल्यासारखा. नव्यात जेसन रोडर ड्रमवर बसलाय, न्यूरोसिस बँडवाला, आणि तो माणूस ठोका मारण्याआधी जो थांबतो ना, त्या थांबण्यात सगळं आहे. एक सेकंद उशिरा मारेल असं वाटतं आणि बरोबर वेळेवर पडतो. तेच गाणं नाही राहिलेलं ते.

दुसरं म्हणजे स्लीपचा बेसिस्ट आणि गायक अल सिस्नेरोस. मधल्या काळात त्याने 'ओम' केलं, बेस आणि ड्रम एवढ्यावर, गिटारच नाही बराच काळ. त्याचा परिणाम 'द सायन्सेस'वर जागोजागी ऐकू येतो, बेस गिटारच्या मागून फरफटत येत नाही, बेसच गाडी ओढतो आणि पाइक वरून रंग टाकतो. 'अंटार्क्टिकन्स थॉड'ची सुरुवात फक्त बेससाठी ऐक परत एकदा. 'होली माउंटन'च्या काळात हे असं वाजलंच नसतं.

आणि 'द बोटॅनिस्ट'बद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस! शेवटचं, एकही शब्द नसलेलं, सहा-साडेसहा मिनिटांचं, आणि त्यातला पाइकचा सोलो मला या वर्षातला सगळ्यात सुंदर वाटतो. ओरबाडत नाही, घाई नाही, एक एक सूर ठेवून देतो. हाय ऑन फायरमध्ये हाच माणूस तलवार घेऊन धावतो.

मला योब आवडतोच, ते वेगळं. पण 'अवर रॉ हार्ट' मी सलग ऐकू शकत नाही, त्र्याहत्तर मिनिटं भावना अंगावर घ्यायची म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी लागते. 'द सायन्सेस' संपला की मी परत पहिल्यापासून लावतो. नंबर एक म्हणजे मला तेच.


व्हॅनवाला

धागाकर्त्याचा निषेध. तीव्र निषेध.

फू मांचू कुठंय??

फेब्रुवारीत 'क्लोन ऑफ द युनिव्हर्स' आला, यादी सोडा, अख्ख्या पोस्टमध्ये उल्लेख सुद्धा नाही. सगळे सोळा मिनिटांच्या गाण्यांवर आवंढे गिळतायत म्हणून सांगतो, त्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे अठरा मिनिटांचं एकच गाणं आहे, 'इल मोस्त्रो अतोमिको', आणि त्यात पाहुणा गिटारिस्ट कोण? अॅलेक्स लाइफसन. रशवाला. रश!! आणि पहिल्या बाजूला सहा छोटी गाणी, एकेक अशी की सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं, गाडीच्या खिडक्या खाली करून लावायची. म्हणजे एकाच तबकडीवर दोन्ही प्रकार, जे तू योबबद्दल म्हणतोयस तेच, फक्त इथं रडायला होत नाही एवढाच फरक.

मला एक कळत नाही, स्टोनर म्हटलं की लोकांना हल्ली मंद, जड, दुःखी असंच काहीतरी लागतं. अरे हा प्रकार मुळात मजेचा आहे! व्हॅन, स्केटबोर्ड, वाळवंट, ऊन. 'द अॅक्शन इज गो' १९९७ चा, त्याचं कव्हर बघा, कोरड्या स्विमिंग पूलमध्ये स्केटबोर्डवर हवेत गेलेला माणूस, तेच संगीत आहे ते. त्यांच्या स्कॉट हिलचा आवाज म्हणजे ना धड गाणं ना धड बोलणं, शेजारचा पोरगा कुंपणावरून हाक मारतोय असा, आणि म्हणूनच भारी.

जाता जाता, फू मांचूचा ड्रमर स्कॉट रीडर आणि कायस या बँडचा बेसिस्ट स्कॉट रीडर ही दोन वेगळी माणसं आहेत. मी पाच वर्षं एकच समजत होतो आणि लोकांना छातीठोकपणे सांगत होतो की बघा केवढा टॅलेंटेड माणूस, दोन्ही वाजवतो. कोणीच मला टोकलं नाही, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.


नवखी

मी इथं नवीन आहे, रागावू नका. हे सगळं वाचून 'द सायन्सेस' फोनवर लावला, फोनच्याच स्पीकरवर, आणि खरं सांगू का, मला नुसती माशी घोंघावतेय असं ऐकू आलं. गिटार कुठली, बेस कुठला काही कळेना. माझ्यात काही कमी आहे की हे असंच असतं?

दुसरा प्रश्न जरा बावळट आहे. स्टोनर म्हणजे नशा केल्याशिवाय हे ऐकायचं नसतं का? कारण मी करत नाही आणि करायचीही नाहीये.

तिसरा, सुरुवात कुठून करू? यंदाचंच सांगा म्हणजे इथल्या चर्चेत भाग घेता येईल.


बाराचीतार

नवखी ताई, तुमच्यात काही कमी नाही, फोनच्या स्पीकरमध्ये आहे. त्या एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत, आणि या संगीताचा अर्ध्याहून जास्त जीव तिथंच असतो. मग उरतं काय, वरची फझची किरकिर. तीच तुमची माशी. साधे बरे हेडफोन घाला, फरक लगेच कळेल.

मी गिटार वाजवतो म्हणून थोडं आतलं सांगतो. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार 'ई'ला लावलेली असते. कायसमध्ये गिटारिस्ट जॉश होमी ती 'सी'पर्यंत खाली आणायचा, म्हणजे चार पट्ट्या खाली, आणि वर गिटार बेसच्या अँपमधून वाजवायचा. याचं मूळ सबाथमध्ये आहे, त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं कारखान्यात मशीनखाली गेली होती, तारा सैल केल्या की दाबायला सोप्या जातात, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त त्याने दीड सूर खाली उतरून वाजवलंय. त्या सोयीतून एक अख्खा प्रकार जन्माला आला.

मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा माझ्या गिटारला नऊच्या बारीक तारा होत्या (आकडा तारेच्या जाडीचा). 'सी'ला उतरवल्या तर सगळ्यात खालची तार फ्रेटबोर्डवर अशी लोळायला लागली जशी वाळत घातलेली दोरी, प्रत्येक ठोक्याला फर्रर्र फर्रर्र, आणि सूर लागायच्या ऐवजी वर जाऊन खाली यायचा. मी आपला पेडलला शिव्या देत होतो. एकाने सांगितलं की बाबा तारा बदल, बाराचा सेट लाव. लावला, आणि तोच रिफ अचानक भिंतीसारखा उभा राहिला. नाव त्यावरूनच घेतलंय इथं.

आणि फझ का, तर फझ पेडल सिग्नलला इतका दाबतो की लाटेचा माथाच सपाट होतो, त्यातून वरचे स्वर भसाभसा तयार होतात आणि सूर विझता विझत नाही. म्हणून हळू वाजवलं तरी मधे रिकामं वाटत नाही. पण तोटा असा की भरगच्च कॉर्ड वाजवलीत की चिखल होतो, म्हणून दोनच सुरांवर, मूळ आणि पाचवा, एवढ्यावरच बहुतेक रिफ उभे असतात. लोक म्हणतात यांना चारच सूर येतात. अहो जास्त वाजवले तर ऐकूच येणार नाहीत.

नशेचं म्हणाल तर नाही, काही लागत नाही. नाव चिकटलं ते चिकटलं. कॅलिफोर्नियात पाम डेझर्टच्या आजूबाजूला पोरं उघड्या वाळवंटात जनरेटर लावून रात्री वाजवायची, त्यातून कायस वगैरे पुढं आले, म्हणून बरेच जण याला डेझर्ट रॉकच म्हणतात आणि मलाही ते नाव जास्त बरं वाटतं.

त्यावरून आठवलं, यंदा यॉनिंग मॅनचा 'द रिव्होल्ट अगेन्स्ट टायर्ड नॉइझेस' आलाय, तो कोणीच घेतला नाही. हे लोक त्या जनरेटर पार्ट्यांच्या मुळाशी होते, कायसच्याही आधीपासून. कायसने १९९५ ला त्यांचं 'कॅटामरान' गाणं आपल्या शेवटच्या अल्बमवर घेतलं आणि जगाला ते कायसचंच वाटलं. यंदाच्या अल्बममध्ये यॉनिंग मॅनने स्वतः ते वाजवलंय, गायलंय पण. धागाकर्ते, तुमच्या 'जुनं गाणं नव्या अल्बममध्ये चालतं का' या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. काही गाण्यांना स्वतःच्या घरी परत यायला वीस-तीस वर्षं लागतात.

तुम्ही सुरुवात अर्थलेसपासून करा ताई. 'ब्लॅक हेवन' जोशुआ ट्रीच्या रांचो दे ला लूना स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, वाळवंटातच, पहिलंच गाणं 'गिफ्टेड बाय द विंड' सरळ पाय हलवायला लावतं. मग किंग बफेलो. योब आणि स्लीप नंतर.


मधलीफळी

मी भांडण लावायला आलोय.

क्लच कोणाच्याच यादीत नाही? 'बुक ऑफ बॅड डिसिजन्स', सप्टेंबर, पंधरा गाणी. मान्य, पंधरा जरा जास्तच आहेत, चार कापली असती तर अल्बम धारदार झाला असता. पण 'हॉट बॉटम फीडर' ऐकलंय का कोणी? नील फॅलन त्यात अख्खी क्रॅब केकची पाककृती सांगतो, हे घ्या, असं करा, आणि ते इतक्या जोरात सांगतो की जगबुडी जाहीर करतोय असं वाटतं. दुसरा कोणी गायक हे करून दाखवा. 'इन वॉक्स बार्बरेला'त तर ब्रास सेक्शन आहे!

आता म्हणाल क्लच स्टोनर नाही. मग हाय ऑन फायर कसा चालतो?

आणि सीओसीचा (कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटी) 'नो क्रॉस नो क्राउन' जानेवारीत येऊन गेला, त्यांचा गायक-गिटारिस्ट पेपर कीनन २००५ नंतर पहिल्यांदा परत आला, वर्षाच्या सुरुवातीला आला म्हणून सगळे विसरले. जानेवारीत अल्बम काढणाऱ्याचं हेच होतं, डिसेंबरात याद्या करणाऱ्यांची आठवण सप्टेंबरच्या मागं जात नाही.


कासवगती

@मधलीफळी क्लच हा क्लच आहे, त्याला खोका नाही. पण पंधरातली चार कापायला हवी होती याला +१. माझ्या मते सहा.

@बाराचीतार 'कॅटामरान'बद्दल एक नंबर. मला ते यॉनिंग मॅनचं आहे हे कळायला फार उशीर झाला, कायसच्या सीडीवर नावं बारीक अक्षरात असायची आणि आम्ही वाचायचो नाही.


रात्रपाळी

विंडहँडवर कोणी दोन ओळी तरी लिहा. बरं मीच लिहिते.

'इटर्नल रिटर्न' जॅक एंडिनोने केलाय, ज्याने निर्वाणाचा 'ब्लीच' रेकॉर्ड केला होता, आणि ते ऐकू येतं, या वेळी डूमच्या धुक्यातून जरा ग्रंजचं ऊन दिसतं. त्यांची गायिका डोरथिया कॉट्रेलचा आवाज लोक म्हणतात मागं गाडलाय. मला तसंच हवंय. पूर्वीच्या अल्बममध्ये तर ती विहिरीच्या तळाशी उभी राहून गातेय असं वाटायचं, इथं अर्ध्या पायऱ्या वर आलीय. 'पिलग्रिम्स रेस्ट' मात्र मधे येतं, गिटार आणि ती, फझ नाही काही नाही, आणि तेव्हा कळतं की एवढा वेळ त्या भिंतीमागे काय होतं. शेवटचं 'फेदर' तेरा मिनिटांचं, मी रात्रीच्या शिफ्टमध्ये एका कानात लावून बसते, पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला, जेव्हा घड्याळ पुढं सरकतच नाही. त्या वेळेला वेगवान काही ऐकलं की उलट झोप येते, हे ऐकलं की वेळ आणि गाणं एकाच चालीने चालतात.

यादी: विंडहँड, स्लीप, योब, आणि अंकल अॅसिडचा 'वेस्टलँड'. फू मांचू नाही, सॉरी व्हॅनवाले दादा, दिवसा ऐकेन.


फझवेडा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना एकत्रच लिहितो.

व्हॅनवाला, निषेध मान्य. फेब्रुवारीतला अल्बम म्हणून विसरलो होतो, म्हणजे मधलीफळीने जे म्हटलं तेच माझ्या बाबतीत खरं निघालं, तोंडावर आपटलो. काल परत लावला. 'इल मोस्त्रो अतोमिको' सुरू असताना मी भांडी घासत होतो आणि हातातलं पातेलं धुवून झालं तरी घासतच होतो. यादीत पाचवा घेतला, विंडहँड सहावा, किंग बफेलो सातवा. रात्रपाळी ताईंनी शिव्या घालू नयेत.

कासवगती, तू सांगितलंस तसं दोन्ही 'सॉनिक टायटन' पाठोपाठ लावून बघितली. आधी २००३ च्या सीडीवरचं, मग नवं. तुझं म्हणणं निम्मं पटलं. ड्रमचं तर शंभर टक्के. जुन्यात रिफ बदलतो तेव्हा तिघं मिळून उडी मारतात आणि थोडं इकडंतिकडं पडतात. नव्यात रोडर आधी एक लहानसा झांजेचा ठोका देतो आणि सगळे शांतपणे पलीकडं पोचलेले असतात. हे मी एप्रिलपासून किती वेळा ऐकलं असेल, पण लक्ष आत्ता गेलं. त्यामुळं 'जुनं येणं वसूल झालं' हे वाक्य मागं घेतो.

पण नंबर एक तरी योबच. कारण पूर्ण वेगळंच निघालं. कासवगती म्हणतो संपला की परत लावतो तो नंबर एक. माझं उलट आहे. 'अवर रॉ हार्ट' मी जूनपासून मोजून नऊ वेळा ऐकलाय, 'द सायन्सेस' पन्नासच्या वर गेला असेल. नऊच्या नऊ वेळा कुठं बसलो होतो ते आठवतंय. पन्नासपैकी पहिली एकच, ती हेडफोनच्या पिनेवाली.

बाराचीतार, यॉनिंग मॅन ऐकला नव्हता, आज रात्री लावतो. आणि तुमच्या तारांचा किस्सा वाचून मी माझी गिटार बघितली. नऊच्याच आहेत.


कासवगती

पन्नास वेळा ऐकलेला अल्बम दुसरा आणि नऊ वेळा ऐकलेला पहिला. ठीक आहे. गणित तुझं, वही तुझी.

स्लीपचं ते सुटं गाणं धरलंस का पण? 'लीग्ज बिनीथ', मे महिन्यात आलं, सतरा मिनिटांच्या आसपास. एकटंच आलं म्हणून यादीत बसत नाही, पण ते सगळंच्या सगळं नवं आहे, तुझी तक्रार तिथं चालणार नाही.


व्हॅनवाला

पाचवा??? पातेलं घासून घासून झिजलं आणि पाचवा?


नवखी

बाराचीतार दादा, भावाचे हेडफोन घेतले, आधी 'गिफ्टेड बाय द विंड' लावलं. आवडलं! बेस वेगळा ऐकू आला, माशी गेली. दोनदा ऐकलं. किंग बफेलो पण लावला, तो दिवे घालवून ऐकायचा म्हटलं होतं म्हणून तसाच ऐकला आणि मधेच झोपले, पण छान झोप लागली, म्हणजे वाईट अर्थाने म्हणत नाहीये.

आता हिंमत करून 'द सायन्सेस' परत लावलाय. दोन मिनिटं झाली, नुसता घरघराट चाललाय. पिन बघू का?


फझवेडा

नका बघू. अजून एक मिनिट थांबा.